मोकळे रान आणि अरुंद पट्टी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत विमान उतरवण्यासाठी सपाट केलेल्या दोन जागा लोकांच्या बोलण्यात असतात. पहिली कराडची. कोयना प्रकल्पाच्या काळात, १९५०च्या दशकात सार्वजनिक बांधकाम खात्याने ती बांधली. धरणाच्या कामावर देखरेख करणाऱ्यांना मुंबईहून लवकर पोहोचता यावे, हा तिचा हेतू. पुढे मंत्र्यांच्या विमानांनी ती जिवंत ठेवली. दुसरी सांगली-तासगाव रस्त्यावरच्या कवलापूरची. ती वर्षानुवर्षे गवताखाली पडून आहे आणि निवडणूक आली की विमानतळाच्या मागणीपुरती वर येते. या दोन्ही जागा तिथे कोणाला विमान शिकवायचे म्हणून आखलेल्या नव्हत्या. घाईत असलेल्या, अनुभवी वैमानिकाच्या हाती असलेल्या विमानासाठी जेवढी जमीन लागते तेवढीच तिथे घेतली गेली. महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या धावपट्ट्यांची हीच कथा आहे, आणि आज राज्यातले वैमानिक प्रशिक्षण नेमके अशाच पट्ट्यांवर चालते. शिकाऊ वैमानिकाचे विमान उतरताना घसरले, उलटले, नाकावर बसले की बातमीत ‘नवशिक्याचा हात चुकला’ असे येते. हात चुकतोच. पण जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर हात चुकण्याचे प्रकार फार बदललेले नाहीत. बदलली आहे ती चूक पोटात घालणारी जमीन. नवशिक्याच्या अपघातांचा इतिहास हा खरे तर मोकळिकीचा इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे.

भारतात हौशी माणसाला विमान शिकण्याची सोय झाली ती १९२८ च्या सुमारास. सरकारी अनुदानावर मुंबई, दिल्ली, कलकत्ता, कराची इथे फ्लाइंग क्लब निघाले आणि त्यांना ‘मॉथ’ जातीची दोन पंखांची, दोन बैठकांची विमाने मिळाली. मुंबईचा क्लब जुहूला होता. तिथेच शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला. हे आपण शाळेत वाचतो, पण ते कुठल्या जमिनीवर शिकले हे कोणी सांगत नाही. तेव्हाचे जुहू म्हणजे समुद्राकाठचे खाजणाचे सपाट मैदान. डांबरी पट्टी नव्हती. उतरण्याची ‘दिशा’ नव्हती. मैदानाच्या कडेला वाऱ्याची पिशवी लटकायची. शिकाऊ माणूस तिच्याकडे बघून वारा जिकडून येतो तिकडे तोंड करायचा आणि उतरायचा. वाऱ्याची दिशा फिरली की उतरण्याची रेघही फिरायची. आडवा वारा ही आजच्या विद्यार्थ्याची सर्वांत मोठी धास्ती, पण त्या मैदानावर ती जवळजवळ नव्हतीच, कारण वारा आडवा ठरायला आधी एक ठरलेली रेघ लागते.

या मैदानी व्यवस्थेला एक खोट होती आणि ती मोठी होती: पावसाळा. जुहूचा चिखल झाला की विमान रुतायचे. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराची-मुंबई टपालसेवा सुरू केल्यावर टाटांनाही पावसाळ्यात बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे. तेव्हा मैदानाचे दिवस म्हणजे सोन्याचे दिवस, असे समजण्याचे कारण नाही. त्या काळात माणसे मरत, आणि ती बहुधा उतरताना जमिनीवर मरत नसत. कमी उंचीवर वळताना वेग घालवून विमान भोवऱ्यासारखे फिरत खाली येई, आणि त्यातून वाचणारा विरळा. पण जमिनीला टेकतानाच्या चुका वेगळ्या हिशेबात बसत. मॉथचा सांगाडा लाकडाचा, पंखांवर कापड. पंखाचे टोक घासले, चाकाचा दांडा मोडला, प्रोपेलरचे पाते तुटले, तर क्लबच्या कारखान्यात सुतार आणि मेकॅनिक मिळून ते दुरुस्त करत. वेगही कमी; जमिनीला टेकताना मॉथ घोड्याच्या दौडीपेक्षा फार वेगात नसे. ब्रेक नव्हते. शेपटाखाली चाकाऐवजी लोखंडी फाळ असे, आणि तो गवतात रुतत विमान थांबवी. डांबरावर हा फाळ निरुपयोगी ठरतो. म्हणजे यंत्र आणि जमीन एकमेकांसाठी बनली होती, आणि दोन्हींत नवशिक्याच्या चुकीसाठी जागा धरलेली होती.

या यंत्राची एक खोड मात्र नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा अर्धा इतिहास तिच्याभोवती फिरतो. दोन मुख्य चाके पुढे आणि शेपटाला तिसरा टेकू, अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. विमान जमिनीवर सरळ धावते आहे तोवर काही बिघडत नाही. पण नाक एका अंशाने जरी डावीकडे गेले, तरी मागचे वजन आपल्या वेगाने सरळ पुढेच जाऊ बघते आणि शेपूट उजवीकडून पुढे येऊ लागते. जितके वळते तितके अधिक वळावेसे वाटणारी ही गती आहे. वैमानिकाने पायाने रडर दाबून पहिल्या अर्ध्या सेकंदात ती मारली तर मरते. एक सेकंद उशीर झाला तर विमान स्वतःभोवती गिरकी घेते, बाहेरच्या बाजूचे चाक मोडते आणि त्या बाजूच्या पंखाचे टोक मातीत जाते. याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. जुने प्रशिक्षक विद्यार्थ्याला बजावत की विमान उतरले म्हणून पाय ढिले सोडू नकोस, थांबून गप्प होईपर्यंत ते उडतेच आहे असे समज. मैदानात ही गिरकी बसली तरी कडेला काही नसे. विमान गवतात फिरे, धूळ उडे, आणि बहुतेक वेळा नुकसान सुताराच्या आवाक्यात राही.

स्वातंत्र्यानंतर क्लबांना नवी विमाने हवी होती, आणि ती द्यायचे काम ज्या माणसाकडे आले तो आपल्याच बाजूचा. डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गॉटिंगनला लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राचा अभ्यास केला. वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला काढलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये ते रुजू झाले. (सांगलीचे वालचंद महाविद्यालय रोज डोळ्यांसमोर असूनही वालचंदांचे विमानाशी असलेले हे नाते तिथल्या बहुतेकांना आठवत नाही.) घाटग्यांच्या चमूने आखलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. पाठोपाठ १९५८ मध्ये क्लबांसाठी ‘पुष्पक’ आले: वरच्या बाजूला पंख, शेजारी-शेजारी दोन बैठका, नव्वद अश्वशक्तीचे इंजिन. पुढे कित्येक वर्षे देशभरच्या क्लबांतल्या पोरांनी पहिले उड्डाण पुष्पकवर केले. दोन्ही विमानांना शेपटीचे चाक होते. घाटग्यांना नाकाच्या चाकाची कल्पना नव्हती असे मुळीच नाही; अमेरिकेत ती पद्धत तोवर रुळली होती. पण देशातल्या क्लबांची जमीन गवताची, मुरमाची, खडबडीत. तशा जमिनीवर नाकाखालचा नाजूक दांडा आधी मोडला असता. शेपटीचे चाक हलके, स्वस्त, आणि मोडले तर विमान नाकावर पडत नाही. जमीन कशी आहे हे धरूनच यंत्र आखले गेले होते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सेसना कंपनीने चार बैठकांचे १७२ बाजारात आणले, दोनच वर्षांत दोन बैठकांचे १५०, आणि दोन्हींना नाकाखाली चाक होते. कंपनीने जाहिरातीत त्याला ‘लँड-ओ-मॅटिक’ असे नाव दिले. भावार्थ असा की उतरणे आता आपोआप होईल. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे आला, त्यामुळे वाकडे पडलेले विमान स्वतःच सरळ होऊ लागले आणि ग्राउंड लूप जवळजवळ संपला. मग जमिनीचा मुद्दा उरतोच कुठे? यंत्राने प्रश्न सोडवला, असे म्हणता येईल. माझ्या मते यंत्राने प्रश्न हलवला. आधी जी चूक टेकल्यानंतर होई, ती आता टेकण्याच्या क्षणी होऊ लागली. शिकाऊ माणूस वेग जरा जास्त ठेवून येतो, कारण त्याला वेग कमी होण्याची भीती असते. जमीन जवळ आली की तो हँडल मागे ओढतो. जास्तीच्या वेगामुळे विमान टेकण्याऐवजी फुगून वर उचलते. त्याला वाटते आता फार वर गेलो, म्हणून तो हँडल पुढे ढकलतो. मग नाकाचे चाक आधी आपटते. तिथून उसळलेले विमान नाक वर, नाक खाली असे डुंबत जाते, दुसऱ्या उसळीला दणका पहिल्यापेक्षा मोठा आणि तिसऱ्याला त्याहून. बहुतेक वेळा तिसऱ्या आपटीला नाकाचा दांडा मोडतो, प्रोपेलर डांबराला घासतो, इंजिनाला झटका बसतो. लाकडी पाते बदलण्यात आणि अख्खे इंजिन उघडण्यात जो फरक आहे, तो खर्चाच्या वहीत दिसतो. त्यातून मरणारा मात्र क्वचितच. जगभरच्या नोंदी हेच सांगतात: विद्यार्थ्यांच्या अपघातांत उतरतानाचे सर्वांत जास्त, जीव घेणारे मात्र त्यात थोडे.

आता हीच उसळी कराडसारख्या पट्टीवर ठेवून पाहू. पट्टी सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब आणि अरुंद. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ५७० मीटर. एप्रिलच्या दुपारी चाळीस अंशांत कृष्णाकाठची हवा इतकी विरळ होते की विमानाला ती साडेपाच हजार फुटांच्या आसपासच्या हवेसारखी वाटते. घड्याळात साठ नॉट वेग दिसतो तेव्हा विमान जमिनीवरून प्रत्यक्षात पासष्टच्या आसपास धावत असते, आणि थांबवायची ऊर्जा सहाव्या भागाने वाढलेली असते. जुहूला समुद्रकाठी शिकणाऱ्याला हा हिशेब कधी करावा लागला नाही. दुसरे, वारा. सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोयना आणि कृष्णेच्या खोऱ्यांत वारा डोंगरांच्या खिंडींतून वळसे घेत येतो, आणि दुपारी तापलेल्या काळ्या रानावरून उठणारे झोत त्यात मिसळतात. सेसना १५२ ची चाचणी घेताना जितका आडवा वारा झेलून दाखवला गेला तो बारा नॉट. वीस नॉटचा वारा पट्टीशी चाळीस अंशांचा कोन करून आला की आडवा भाग जवळजवळ तेरा होतो. एक पट्टी म्हणजे उतरायच्या दोनच दिशा. वाऱ्याने तिसरी निवडली तर विद्यार्थ्याला काही निवडता येत नाही. तिसरे, डोळा. ओळखीपेक्षा अरुंद पट्टी दुरून पाहिली की वैमानिकाला आपण आहोत त्याहून वर असल्याचा भास होतो. मग तो खाली खाली येतो, हँडल उशिरा ओढतो आणि आपटतो. हे पुस्तकात असते, विद्यार्थी परीक्षेत लिहितोही. पण व्यावसायिक परवान्यासाठी त्याला किमान ३०० सागरी मैलांची एकट्याने फेरी मारून वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबावे लागते. म्हणजे रोज एका रुंदीच्या पट्टीवर तयार झालेला डोळा तो दुसऱ्या रुंदीच्या पट्टीवर, तेही शेजारी प्रशिक्षक नसताना, वापरून पाहतो.

आणि कडेला काय असते? जुहूच्या मैदानाच्या कडेला आणखी मैदान होते. आमच्याकडच्या पट्टीच्या कडेला डांबराची तुटकी किनार असते, तिच्याखाली पावसाने खणलेली चर असते, मग तारेचे कुंपण, आणि त्यापलीकडे उसाचा फड. नाकाचे चाक त्या चरीत गेले की दांडा मोडायला उसळीचीही गरज उरत नाही. पट्टी बांधताना कंत्राटदाराने पाण्याचा निचरा व्हावा म्हणून चर काढली असेल, आणि ती योग्यही असेल. विमानतळाचा मूळ हेतू धरला तर तिच्यात काही चूक नाही. कोयनेच्या अभियंत्यांना घेऊन येणारा अनुभवी वैमानिक मध्यरेषा सोडून दहा-पंधरा मीटर बाजूला जाणार नाही, हे गृहीत धरून ती बांधलेली असते. विद्यार्थ्याबाबत नेमके तेच गृहीत धरता येत नाही, कारण तो ते शिकायलाच आलेला असतो.

मग प्रशिक्षण अशा पट्ट्यांवर का आले? याचे उत्तर विमानविद्येत नाही, शहरांच्या वाढीत आहे. जुहूला हेलिकॉप्टरांची गर्दी झाली, सांताक्रूझचा विमानतळ शेजारी वाढला, आणि मुंबईच्या क्लबाला आपले प्रशिक्षण धुळ्याला न्यावे लागले. बारामतीला संस्था आल्या, गोंदियाला बिरसीत राष्ट्रीय संस्था आली, शिरपूरला महाविद्यालय आले. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी जी पाच ठिकाणे दिली, त्यात जळगाव आणि बेळगाव होते. कराडचे नावही यात पुन्हा पुन्हा घेतले जाते. मागणी तर अशी वाढली की २०२३ या एका वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ती उडवायला माणसे लागणारच. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. पावसाळ्याचे तीन-चार महिने दख्खनवर ढग खाली असतात, तेव्हा तास मिळत नाहीत. ते सगळे ऑक्टोबर ते मेच्या आत कोंबावे लागतात, म्हणजे थंडीच्या निवांत सकाळींबरोबर उन्हाळ्यातल्या त्याच दुपारीही, जेव्हा हवा सर्वांत विरळ आणि सर्वांत उधळलेली असते. एका पट्टीवर दहा-बारा विमाने एकामागून एक सर्किट मारत असतात. पालकांनी कर्ज काढलेले असते. मागचा विद्यार्थी फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, आला आहे हे पुढच्याला रेडिओवर ऐकू येत असते.

यावर प्रशिक्षकांचा दुसरा आक्षेप असा की उतरणे बिघडले तर थ्रॉटल पुढे ढकलून पुन्हा वर जाण्याची, म्हणजे गो-अराउंडची, मुभा प्रत्येकाला असते. पट्टी अरुंद असो की रुंद, ती कोणी हिरावून घेतलेली नाही. पहिल्या उसळीला जो वर जातो, त्याचे नाकाचे चाक शाबूत राहते. हे शंभर टक्के खरे आहे आणि कोणत्याही चौकशी अहवालात ते शेवटी येतेच. पण हा निर्णय घ्यायला दोन सेकंद मिळतात, आणि त्या दोन सेकंदांत त्याला तो निर्णय स्वस्त वाटला पाहिजे. ज्या वातावरणात वर जाणे म्हणजे आणखी सहा मिनिटांचे पैसे, रांगेत मागे पडणे, आणि खाली उतरल्यावर ‘काय रे, पुन्हा?’ असे ऐकणे असते, तिथे विद्यार्थी आहे ती उसळी सावरत बसतो. मैदानावर एकदा टेकल्यावर तो पुढे जितकी जमीन लागेल तितकी वापरू शकत होता. इथे पट्टीचे टोक समोर दिसते आणि ते दिसल्याने निर्णय आणखी बिघडतो. पूर्ण फ्लॅप उतरवलेल्या जुन्या सेसनाला तापलेल्या दुपारी वर चढायला किती वेळ लागतो, हेही त्याला माहीत असते. मुभा आहे, पण जमिनीने आणि वेळापत्रकाने तिची किंमत वाढवून ठेवली आहे.

तिसरा आक्षेप जास्त कडक आहे: हे विद्यार्थी पुढे प्रवासी घेऊन धावपट्टीवरच उतरणार आहेत, आडव्या वाऱ्यातच उतरणार आहेत, मग त्यांना मैदानात लाडात वाढवून काय साधायचे? मला यातला पहिला भाग मान्य आहे. अरुंद पट्टी आणि आडवा वारा शिकलेच पाहिजेत. प्रश्न कधी शिकायचे याचा आहे. पोहायला शिकणाऱ्याला पुराच्या कृष्णेत पहिल्या दिवशी कोणी ढकलत नाही, पण त्याला पुढे नदी पार करायचीच असते. १९२८ चा मैदानी क्रम असा होता की आधी वाऱ्याला तोंड देऊन उतरणे, टेकण्याची जाण, पायांची सवय, आणि मग हळूहळू आडवा वारा मुद्दाम घेणे. आताच्या क्रमात पहिल्या एकट्या उड्डाणाच्या दिवशीही वारा जसा असेल तसा पट्टीशी जुळवून घ्यावा लागतो. म्हणून शहाणे प्रशिक्षक सोलो सकाळी सातच्या आत उरकून घेतात. हा त्यांनी आपापल्या परीने परत मिळवलेला थोडासा मोकळेपणा आहे. तो नियमात कुठे लिहिलेला नाही, प्रशिक्षकाच्या तारतम्यावर आहे.

अपघातांच्या अलीकडच्या नोंदी माझे म्हणणे कितपत धरून ठेवतात, हे तपासायला हवे. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीजवळ एकटीने उडणाऱ्या शिकाऊ वैमानिक मुलीचे विमान शेतात कोसळले, ती वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने पडली, आणि नागरी विमान महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबवले. जुलै २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यात चोपड्याच्या बाजूला विमान पडून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, शिकाऊ मुलगी जखमी झाली. यातले एकही प्रकरण ‘उसळी मारून नाकाचे चाक मोडले’ या साच्यातले नाही. म्हणजे माझ्या सिद्धांताला हे पुरावे उपयोगी नाहीत, असे कोणी म्हणेल. पण बातमी कशाची होते हेही पाहावे लागते. विमान शेतात पडले की पोलीस पाटील येतो, फोटो निघतो, बातमी होते. पट्टीवर नाकाचे चाक मोडले तर दुपारपर्यंत विमान हँगरमध्ये ओढून नेले जाते. नियमांनुसार विमान अपघात अन्वेषण विभाग अपघात आणि गंभीर घटना तपासतो. त्याखालची आपटी, थोडक्यात वाचलेली उसळी, किनार सोडून बाहेर गेलेले चाक संस्थेच्या वहीत राहते किंवा तिथेही राहत नाही. ज्या चुकांत कोणी मरत नाही त्या सर्वांत जास्त होतात, आणि त्यांचीच नोंद सर्वांत कमी असते. मैदानी काळात क्लबाच्या सुताराला तरी महिन्यात किती दांडे मोडले हे सांगता यायचे.

जमिनीबद्दल बोलताना आपल्याकडे अजून एका गोष्टीचा विचार होत नाही. कराडच्या विस्ताराचा प्रश्न आला तेव्हा वारुंजी, मुंढे, केसे या बाजूच्या शेतकऱ्यांनी जमीन द्यायला विरोध केला, आणि तो मला रास्त वाटतो. कृष्णा-कोयनेच्या पाण्याखालची बागायती जमीन अर्ध्या तासाच्या विमानप्रवासासाठी द्यायला कोणीही का तयार व्हावे? पण विस्ताराची कल्पना प्रत्येक वेळी एकाच दिशेने जाते: पट्टी लांब करा, म्हणजे मोठे विमान उतरेल. कवलापूरच्या मागणीतही तेच. नवशिक्याला लांबी फारशी लागत नाही. त्याला रुंदी लागते, आणि मुख्य पट्टीला छेदणारी दुसरी, आखूड, गवताची पट्टी लागते, म्हणजे वारा आडवा झाला की तिच्यावर वळता येईल. ब्रिटनमधले कित्येक क्लब आजही गवतावर शिकवतात आणि हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रालाही गवत परके नाही. सहाशे मीटर लांब आणि साठ मीटर रुंद अशी पट्टी साधारण नऊ एकरांत बसते. कवलापूरला विमानतळाच्या नावाने राखलेली जमीन दीडशे एकरांच्या पुढे सांगितली जाते. काळ्या मातीवर पावसाळ्यात ती वापरता येणार नाही, हे खरे. पण पावसाळ्यात तास तसेही मिळत नाहीत, आणि मुरमाचा थर, योग्य गवत, कडेने उतार एवढे केले तर ऑक्टोबरपासून ती धरते. जुहूच्या खाजणात हे जमत नव्हते, कारण तिथे भरती येत होती. मिरज तालुक्यात भरती येत नाही. तारेचे कुंपण पट्टीपासून तीस मीटर मागे सरकवायला आणि ती चर बुजवून निचऱ्याची नळी जमिनीखालून न्यायला तर नवी जमीनही लागत नाही. खात्याच्या एका वर्षाच्या देखभालीच्या खर्चात ते बसते.